गिटारवर सही त्याची, हात तुमचे

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय 28. नोकरी सांभाळून मित्रांच्या बँडमध्ये गिटार वाजवतात. शाळेत असल्यापासून ज्या गिटारवादकाला ऐकत आले, त्याच्या नावाचं सिग्नेचर मॉडेल त्यांनी दोन वर्षं पैसे साठवून घेतलं. हेडस्टॉकच्या, म्हणजे गिटारच्या वरच्या टोकाच्या, मागे त्याची सही आहे. चार महिने अगदी हवेत गेले. मग त्याच वादकाच्या नव्या रेकॉर्डिंगचा व्हिडिओ पाहण्यात आला, आणि त्यात त्याच्या मांडीवर भलतीच गिटार! जुनी, रंग उडालेली, शिवाय दुसऱ्याच कंपनीची. बँडमधल्या ड्रमरनं तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘सही बघून चेकवर सही केलीस ना?’ पत्रलेखक विचारतात, ‘हे लोक पैसे घेऊन आपल्याला उल्लू बनवतात का? गिटार हातात छान बसते, वाजतेही छान, पण आता उचलावीशीच वाटत नाही. विकून टाकू का? आणि यापुढे कुणाच्या नावाची वस्तू घ्यायची की नाही?’

उत्तर:

तुमच्या सरळ प्रश्नाला आधी सरळ उत्तर देते. काही जण आपल्या नावाची गिटार खरोखर वापरतात. काही जण फोटोपुरती हातात धरतात. आणि बहुतेक जण ‘वापरतात, पण...’ या गटात मोडतात. सगळी गोम त्या ‘पण’मध्ये आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

खरोखर वापरणाऱ्यांपासून सुरुवात करू, नाहीतर तुमचा ड्रमर म्हणतो तेच खरं ठरायचं. ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टननं 1970 मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका दुकानातून फेंडर कंपनीच्या जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी घेतल्या. काही मित्रांना देऊन टाकल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले चांगले भाग काढून एक गिटार जुळवली. तीच ‘ब्लॅकी’. दौऱ्यांवर दौरे करून ती पार थकली, तेव्हा त्यानं तिला निवृत्त केलं आणि फेंडरकडून तिच्याच वळणाची नवी बनवून घेतली. नेकचा, म्हणजे हातात धरायच्या दांड्याचा, मागचा कोनदार आकार ब्लॅकीचा, आत आवाजाची मधली पट्टी फुगवणारं बॅटरीवरचं सर्किट. 1988 मध्ये ती विक्रीला आली. फेंडरनं कलाकाराच्या नावानं काढलेलं ते पहिलं मॉडेल, आणि क्लॅप्टन मंचावर वर्षानुवर्षं तेच वाजवत राहिला. गिटारवादक स्टीव्ह वायचंही तसंच. आयबानेझ कंपनीनं 1987 मध्ये त्याच्यासाठी जेम नावाची गिटार काढली, तिच्या अंगातच हात घालून उचलायला मूठ कोरलेली आहे. वायची लाडकी, पांढरी, खरचटलेली ‘ईव्हो’ ही त्याच घराण्यातली. या दोघांच्या बाबतीत क्रम असा होता: आधी वादकाची गरज, मग गिटार, आणि सगळ्यात शेवटी सही.

आता दुसरं टोक. तेही जगातल्या सर्वांत प्रसिद्ध सहीचं आहे, म्हणून त्यावर थोडी रेंगाळते.

गिब्सन कंपनीनं 1952 मध्ये गिटारवादक लेस पॉलच्या नावाची गिटार आणली. लेस पॉल हा जातिवंत खटपट्या माणूस. गिटारी उघडायचा, कोरायचा, आतली वायरिंग बदलायचा. त्याला लो-इम्पिडन्सचे, म्हणजे कमी विद्युत अवरोधाचे, पिकअप (तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारे भाग) आवडत, कारण लांब केबल टाकली तरी त्यांचा आवाज स्वच्छ राहतो. कंपनी मात्र सगळ्या जगासारखे हाय-इम्पिडन्सवालेच विकत होती. त्यामुळे त्याच्या मांडीवरची लेस पॉल आणि दुकानातली लेस पॉल बाहेरून सख्ख्या बहिणी दिसल्या, तरी आतून वेगळ्याच होत्या. 1961 मध्ये कंपनीनं त्या गिटारचा आकारच बदलून टाकला आणि दोन टोकदार शिंगांची पातळ गिटार काढली. आज आपण तिला एसजी म्हणतो. सुरुवातीला तिच्यावरही नाव लेस पॉलचंच होतं, आणि त्याला ती मुळीच पसंत नव्हती. 1963 पर्यंत ते नाव उतरलं. पुढे 1971 मध्ये अगदी त्याच्या मनासारखी, लो-इम्पिडन्सची ‘लेस पॉल रेकॉर्डिंग’ निघाली. ती फारशी खपली नाही! त्याला हवी ती लोकांना नको होती, आणि लोक जिच्यावर जीव टाकत होते ती तो जशीच्या तशी वाजवत नव्हता. शिवाय आज ज्याला ‘लेस पॉलचा आवाज’ म्हणतात, तो 1957 पासून त्या गिटारवर आलेल्या, गुणगुण दाबणाऱ्या हंबकर पिकअपचा आहे. ते पिकअप सेथ लव्हर या गिब्सनच्या अभियंत्याचे.

एवढं सगळं कळल्यावर कुणी आपली लेस पॉल विकून टाकल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

या दोन टोकांच्या मधे कंट्री संगीतातला गिटारवादक चेट ॲटकिन्स येतो, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचं उदाहरण त्याचंच आहे. 1950 च्या दशकात ग्रेच कंपनीनं त्याच्या नावाची गिटार काढली, तेव्हा तिच्यावर गुराख्यांचा सगळा बाजार मांडला होता. दर्शनी भागावर जनावराला डागणी द्यावी तसं ‘जी’ हे अक्षर, फ्रेटबोर्डवर (तारा दाबायच्या पट्टीवर) निवडुंग, हेडस्टॉकवर बैलाचं मुंडकं. चेट ॲटकिन्स हा नीटनेटका, बोटांनी नाजूक वाजवणारा माणूस. त्याला ती सजावट आवडली नव्हती आणि पिकअपही आवडले नव्हते. पण त्यानं सही मागे घेतली नाही. तो कंपनीच्या मागे लागला. काही वर्षांत निवडुंग गेले, मुंडकं गेलं, आणि रे बट्स या ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) बनवणाऱ्या माणसानं त्याच्यासाठी बनवलेले, गुणगुण न करणारे ‘फिल्टरट्रॉन’ पिकअप ग्रेचच्या गिटारींवर आले. म्हणजे पहिल्या वर्षी तुम्ही ती गिटार घेतली असती, तर सहीवाल्यालाच नापसंत असलेली वस्तू तुमच्या हातात आली असती. आणखी काही वर्षांनी घेतली असती, तर त्यानं भांडून सुधारून घेतलेली. दोन्हींवर नाव तेच. सहीला असं वय असतं, ते सहसा कुणी विचारत नाही.

आता तुमच्या व्हिडिओकडे येऊ.

तुम्ही मनात एक समीकरण मांडलंय: रेकॉर्डिंगला दुसरी गिटार, म्हणजे सही खोटी. मला ते पटत नाही. स्टुडिओ आणि मंच या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. दौऱ्यावर वादकाला एकसारख्या दोन-तीन गिटारी लागतात. गाण्याच्या मधेच तार तुटली की टेक्निशियन दुसरी पुढे करतो, आणि ती हातात घेतल्यावर नेकची जाडी, बटणांची जागा, तारांची उंची, काहीच बदलून चालत नाही. एखादी गिटार खालच्या ट्यूनिंगला लावून ठेवलेली असते, एखादी नुसती राखीव. हे काम कारखान्यात बनणारं सिग्नेचर मॉडेल नीट करू शकतं, कारण हरवलं, मोडलं, चोरीला गेलं तरी तसंच दुसरं मिळतं. स्टुडिओत नेमकं उलटं. तिथे वेळ असतो, एका गाण्यात गिटारचे चार-चार थर चढवायचे असतात, आणि चारही थरांना एकच आवाज दिला तर सगळं एकमेकांत विरघळून जातं. म्हणून मग निर्मात्याच्या कपाटातली जुनी गिटार निघते, कुणाची तरी उसनी येते, कोपऱ्यात धूळ खात पडलेली एखादी स्वस्तातली अचानक कामाला येते. गिटारवादक जिमी पेज म्हटलं की डोळ्यासमोर कमरेखाली लोंबणारी लेस पॉल येते. पण लेड झेपेलिन या त्याच्या बँडचा 1969 चा पहिला अल्बम त्यानं मुख्यतः फेंडरच्या टेलिकास्टरवर वाजवलाय.

गिटारवादक स्लॅशची गोष्ट तर याहून मजेदार. त्याच्या गन्स एन’ रोझेस या बँडचा 1987 चा पहिला अल्बम ऐकून लाखो पोरांनी गिब्सन लेस पॉलची स्वप्नं पाहिली. त्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या हातात गिब्सन नव्हतीच. क्रिस डेरिग नावाच्या कारागिरानं हातानं बनवलेली ती लेस पॉलची नक्कल होती. हेडस्टॉकवर गिब्सनचं नाव होतं, पण गिटार त्या कारखान्यातली नव्हती. पुढे गिब्सननं स्लॅशच्या नावाची बरीच मॉडेलं काढली आणि तो गिब्सन वाजवतोही. म्हणजे नक्कल ऐकून लोकांनी अस्सल मागितली, आणि मग अस्सलवर नक्कल वाजवणाऱ्याची सही आली. यात कोण कुणाला फसवतंय, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. एखादा वादक मंचावर एखाद्या वस्तूसमोर उभा दिसला, म्हणजे तो ती वापरतोच असंही नाही. मोठ्या मंचांवर मागे ॲम्पची भिंत दिसते, तिच्यातले कित्येक डबे रिकामे असतात. आवाज मंचामागच्या एका लहानशा ॲम्पमधून किंवा ॲम्पची नक्कल करणाऱ्या डिजिटल मॉडेलरमधून थेट मिक्सरला जात असतो. रश बँडच्या गेडी लीनं याची छान खिल्ली उडवली होती. त्याच्या बासचा आवाज थेट मिक्सरला जायचा, त्यामुळे मंचावर त्याच्या बाजूची जागा मोकळी पडली. तिथे त्यानं कपडे वाळवायची यंत्रं आणून ठेवली! गाणी चालू असताना आत टी-शर्ट गरगरत असायचे. नंतरच्या एका दौऱ्यात कोंबड्या भाजायची यंत्रं आली. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला मंचावरचा फोटो पुरावा म्हणून दाखवला, की ही यंत्रं आठवा. ती तर सगळ्यांना दिसत होती.

पैशांबद्दल विचारलंयत, तर तेही स्पष्ट बोलू. व्यवहार एका प्रकारचा नसतो. सर्वांत खालच्या पायरीवर ‘आर्टिस्ट प्राइस’ असते, म्हणजे वादकाला तारा, पेडल (पायानं दाबून आवाज बदलणारा डबा), गिटार सवलतीत मिळतात आणि बदल्यात त्याचं नाव कंपनीच्या यादीत येतं. त्याच्या वर फुकट किंवा वापरायला दिलेली वस्तू. आणि सर्वांत वर सिग्नेचर मॉडेल, ज्यात विकल्या गेलेल्या प्रत्येक नगामागे वादकाला रॉयल्टी मिळू शकते. खालच्या पायरीवरच्या माणसाची निष्ठा कधी कधी जास्त खरी असते, कारण त्याला ती वस्तू आधीपासून आवडत असते आणि सवलत नंतर मिळते. पैसे घेतले म्हणजे खोटं बोलला, हा हिशेब फार सोपा आहे. स्वयंपाक्याला पगार मिळतो म्हणून तो स्वतःचं जेवण जेवत नाही, असं आपण म्हणतो का?

अमेरिकेत यासाठी फेडरल ट्रेड कमिशनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. कित्येक गिटार कंपन्यांच्या जाहिराती तिथूनच निघतात, म्हणून ती माहीत असलेली बरी. एखादी व्यक्ती वस्तू वापरते असा जाहिरातीचा दावा असेल, तर ती व्यक्ती त्या वेळी खरोखर वापरणारी असावी लागते. आणि ती अजूनही वापरते असं मानायला कंपनीकडे सबळ कारण असेल तोवरच ती जाहिरात चालवता येते. म्हणून कसलेल्या जाहिरातींत शब्द तोलूनमापून वापरलेले असतात. ‘अमुक हीच वाजवतो’ हे एक वाक्य. ‘अमुकच्या सहकार्यानं घडवलेली’ हे दुसरं. ‘अमुकच्या गिटारवरून स्फुरलेली’ हे तिसरं, आणि त्यात वादकानं ती हातात घेतली होती एवढंही सांगितलेलं नसतं. तुमच्या गिटारच्या माहितीपत्रकात यातलं कोणतं वाक्य आहे, ते एकदा काढून वाचा. माझा अंदाज आहे दुसरं असेल. तसं असेल तर तुम्हाला जे वचन दिलं होतं ते पाळलं गेलंय. जे मोडलं ते तुम्ही मनात स्वतःला दिलेलं होतं.

हे जरा लागलं असेल, तर माझीही फजिती सांगून टाकते.

मी वाजवायला शिकत होते त्या काळात कुठंतरी वाचलं, की ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन 13 च्या तारा लावायचा. साध्या गिटारवर 9 किंवा 10 च्या असतात. आकडा म्हणजे सर्वांत बारीक तारेची इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली जाडी. मी लगेच 13 चा संच आणला. आठवडाभरात डाव्या हाताच्या तीन बोटांची सालटी निघाली, एकही तार नीट वाकेना, आणि गिटारचा नेक ताणानं असा वाकला की बाराव्या फ्रेटपाशी तारेखाली करंगळी जाईल की काय असं वाटायला लागलं. तो आपली गिटार अर्धा स्वर खाली लावायचा, म्हणजे तारांवरचा ताण कमी व्हायचा, हे मी वाचलंच नव्हतं. आणि त्याचे पंजे केवढाले होते, हे तर कुठल्याच पाकिटावर छापलेलं नसतं. त्याचा 1990 मध्ये अपघाती मृत्यू झाला आणि त्याच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर 1992 मध्ये बाजारात आली. आता अशा गिटारबद्दल ‘तो हीच वापरतो का’ हा प्रश्नच उरत नाही.

सांगायचं असं, की सिग्नेचर गिटार ही दुसऱ्याच्या मापानं शिवलेला अंगरखा आहे. ब्लॅक सबॅथ बँडच्या गिटारवादक टोनी आयोमीचं उदाहरण घ्या. सतराव्या वर्षी कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं बोटांना घरी बनवलेल्या टोप्या लावल्या आणि बारीक तारा वापरायला सुरुवात केली, आधी तर बँजोच्या. त्याला काय सोयीचं, याला तुमच्या धडधाकट बोटांच्या दृष्टीनं फारसा अर्थ नाही. तुम्ही मात्र पत्रात लिहिलंय की ही गिटार हातात छान बसते. हे वाक्य तुम्ही घाईघाईत, मधेच टाकलंय. माझ्या दृष्टीनं अख्ख्या पत्रातली सर्वांत महाग माहिती तीच. अंगरखा दुसऱ्याचा असून तुम्हाला बरोब्बर बसला!

आता नावाचं म्हणाल, तर नाव उतरल्यावर वस्तूचं काय होतं याचा एक चांगला दाखला गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या कारकिर्दीत आहे. त्याची मूळ गिटार ‘फ्रँकेनस्टाइन’ ही सुट्या भागांची जुळवाजुळव, वर पट्ट्यापट्ट्यांचा रंग, ट्रेमोलोखाली (तारांचा सूर हलवणाऱ्या यंत्रणेखाली) टेकू म्हणून ठेवलेलं एक नाणं. (2007 मध्ये तिच्या 300 हुबेहूब प्रती निघाल्या, किंमत 25,000 डॉलर, नाण्यासकट!) 1980 च्या दशकात तो क्रेमर गिटारींच्या जाहिरातींत दिसायचा. मग 1990 च्या दशकात म्युझिक मॅन, त्यानंतर पीव्ही, आणि शेवटी फेंडरबरोबर स्वतःच्या नावाचा ब्रँड. म्हटलं तर माणूस चंचल. पण मागे राहिलेल्या वस्तूंकडे बघा. त्यानं म्युझिक मॅन सोडली, तेव्हा त्याच्या गिटारचं नाव बदलून ‘ॲक्सिस’ झालं आणि ती विकली जात राहिली. पीव्हीबरोबर त्यानं घडवलेला 5150 हा ॲम्प 1992 चा. एडीनं पीव्ही सोडल्यावर कंपनीनं त्यावरचा आकडा बदलून 6505 केला. सर्किट जवळपास तेच. त्यानंतरही हेवी मेटल वाजवणारे कित्येक बँड तो ॲम्प घेत राहिले, आणि एडी आता तो वापरतो की नाही याचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. नाव सोलून काढलं तरी ॲम्प तसाच गुरगुरत होता.

तुमच्या गिटारवरची सही उद्या पुसली असं समजा. हेडस्टॉकची मागची बाजू कोरी. मग तुम्ही ती विकाल का? याचं उत्तर डोक्यानं देऊ नका, कानानं द्या, आणि त्यासाठी एक प्रयोग सुचवते. बँडमधल्या दुसऱ्या गिटारवादकाची किंवा मित्राची गिटार आणा. तुमची जुनी असेल तर तीही घ्या. तिन्हींना एकाच जाडीच्या नव्या तारा लावा, एकच ॲम्प, बटणं जिथल्या तिथे. तुमच्याच गाण्यातला एकच तुकडा तिन्हींवर वाजवून फोनवर नव्हे, जरा बऱ्या माइकवर रेकॉर्ड करा. फायलींना नाव देऊ नका, दुसऱ्या कुणाला तरी आकडे द्यायला सांगा. दोन दिवस हात लावू नका. मग ऐका, आणि आवडलेला आकडा लिहून ठेवा. हे बँडमधल्या सगळ्यांना करायला लावा, ड्रमरसकट.

प्रयोगाआधी एक काम मात्र करा: गिटारचा सेटअप करून घ्या. नवी गिटार कारखान्यातून कशी आली, किती दिवस खोक्यात, कुठल्या हवेत उभी होती, कुणाला ठाऊक. ट्रस रॉड (नेकच्या आतली ताण सांभाळणारी सळई), तारांची उंची, इंटोनेशन (नेकवर सगळीकडे सूर बरोबर लागणं) आणि नटच्या (नेकच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा एवढं नीट झालं, की मधल्या दर्जाची गिटारही वेगळीच वाटायला लागते. तुमच्या आवडत्या वादकाच्या हातातली गिटार आणि तुमची गिटार यात काही फरक खरंच असेल, तर बहुधा इथेच असतो. त्याच्या गिटारीला एक पगारी माणूस रोज हात लावतो.

मी एकदा एका कार्यक्रमात मंचामागे अशाच एका टेक्निशियनच्या शेजारी उभी होते. सहीचं मॉडेलच होतं, दुकानात मिळतं तेच. पण टोनच्या बटणावर चिकटपट्टीचा तुकडा, म्हणजे मनगट लागून ते फिरू नये. ट्रेमोलोमागे तीनऐवजी पाच स्प्रिंगा. ब्रिजजवळचा पिकअप पांढऱ्याच रंगाचा, पण मूळचा नव्हता, कडेला सोल्डरचा ताजा ठिपका. मी विचारलं, हे सगळं कंपनीला माहीत आहे का? तो म्हणाला, ‘कंपनीनंच पिकअप पाठवलाय, पुढच्या वर्षीच्या मॉडेलसाठी.’ आता सांगा, तो वादक स्वतःचं सिग्नेचर मॉडेल वापरत होता की नव्हता?

तुमच्यासारखेच जे वाचक घ्यायच्या आधी हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं. जाहिरातीपेक्षा टेक्निशियनचं बोलणं ऐका. ‘प्रीमिअर गिटार’ या मासिकाची ‘रिग रनडाउन’ नावाची व्हिडिओ मालिका आहे, तिच्यात वादक किंवा त्याचा टेक्निशियन दौऱ्यावरची एकेक वस्तू उघडून दाखवतो. तिथे कोणती गिटार पहिली आणि कोणती राखीव, हे लगेच कळतं. वादकाची त्या कंपनीशी सोबत किती वर्षांची आहे, तेही बघा; आणि करार व्हायच्या आधी तो काय वाजवत होता, हे तर नक्की बघा. आधीही तशीच गिटार वाजवत असेल तर सहीला वजन आहे. एकाच सहीची महाग आणि स्वस्त अशी दोन मॉडेलं असतील, तर ती एक समजू नका. जॉन मेयरची पीआरएस सिल्व्हर स्काय 2018 मध्ये आली ती अमेरिकेतल्या कारखान्यात बनते, 2022 मध्ये आलेली एसई मालिकेतली इंडोनेशियात. दोन्ही चांगल्या असू शकतात, पण फोटोतली कोणती आणि तुमच्या टोपलीतली कोणती, हे पैसे देण्याआधी कळलेलं बरं. पेडलांच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. सिग्नेचर पेडल म्हणजे बऱ्याचदा आधीचंच सर्किट, एखादं मूल्य बदलून आणि नवा रंग फासून. ते हातानं वाजवून पाहिल्याशिवाय घेऊच नये. तारा आणि पिक यांची मात्र खुशाल चैन करा. आवडले नाहीत तर फार काही जात नाही. (13 च्या तारा सोडून.)

आता विकायचं की नाही. प्रयोगात तुमची गिटार तुम्हालाच आवडली नाही, तर विका, आणि अजिबात वाईट वाटून घेऊ नका. आवडली तर ठेवा. आणि मधलं काही निघालं, म्हणजे नेक आवडतो पण आवाज नाही, तर गिटार विकण्याऐवजी पिकअप बदला. सहीवाली गिटार म्हणजे पवित्र वस्तू आहे, तिला स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही, असं समजणारे मी पाहिलेत. चेट ॲटकिन्सनं तसं समजलं असतं, तर तो जन्मभर बैलाच्या मुंडक्याकडे बघत वाजवत बसला असता.

तुमचा वादक त्या व्हिडिओत कुणाची जुनी गिटार घेऊन बसला होता, हे मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. कदाचित एका गाण्यापुरती असेल, कदाचित गेले वर्षभर तो तीच वाजवत असेल. वाटलं तर शोधा, चाहत्यांना असले शोध लावायला आवडतंच. पण तो निकाल येईपर्यंत गिटार खोक्यात ठेवू नका. पुढच्या सरावाला तीच न्या, आणि नेहमीपेक्षा अर्धा तास आधी जा म्हणजे ॲम्पशी जुळवून घ्यायला वेळ मिळेल.

आणि हो, तिथे ड्रमर आला की त्याच्या काठ्या एकदा हातात घेऊन बघा. ड्रमच्या काठ्यांवर कुणा ना कुणा ड्रमरची सही सर्रास छापलेली असते. त्याच्या काठ्यांवर कुणाची आहे, ते मला नक्की कळवा.